जमिनीखालची कोळसा खाण: टेकडीवर मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या भूमिगत कोळसा खाणींत माझी चौतीस वर्षे गेली. माइनिंग सरदार (पाळीत एका भागाची सुरक्षा बघणारा) म्हणून लागलो, परीक्षा देत देत ओव्हरमन (सरदारांच्या वरचा) झालो आणि शेवटची काही वर्षे सुरक्षेचे काम पाहिले. आता मुलाकडे पुण्यात असतो. सकाळी वेताळ टेकडीवर फिरायला जातो. तिथल्या जुन्या दगडखाणीच्या काठावर बसलो की कुणी ना कुणी विचारतेच, "काका, खाली नेमके काय असते हो?" तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरे एकदा लिहून ठेवली. तिकडे आम्ही खाणीला 'खदान' म्हणतो. मध्येच तो शब्द आला तर चालवून घ्या.

पुण्यात कोळसाच नाही. मग पुणेकराने हे कशाला वाचायचे?

पुण्याखाली काळा बेसाल्ट आहे, कोळसा नाही. महाराष्ट्रातला कोळसा चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूर जिल्ह्यांत मिळतो: बल्लारपूर, घुग्घुस, माजरी, वणी, उमरेड, कामठी, सावनेर. पण पुण्यातली मुले खाण अभियांत्रिकी शिकायला नागपूरच्या व्हीएनआयटीत आणि धनबादच्या आयएसएममध्ये जातात. त्यांचे आईवडील मग मला टेकडीवर गाठतात. दुसरे कारण तुमच्या स्वयंपाकघरात आहे, ते मिथेनच्या प्रश्नात सांगतो.

'खोल' म्हणजे किती खोल?

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे आणि सिंहगडाचा माथा १,३०० मीटरच्या वर. म्हणजे शहरातून गड जेवढा उंच दिसतो, जवळपास तेवढेच खाली उतरायचे अशी कल्पना करा. बंगालमधली चिनाकुरी आणि झरियाची मुनीडीह या आपल्या खोल कोळसा खाणी साधारण त्या मापाच्या. विदर्भातल्या बहुतेक भूमिगत खाणी यापेक्षा पुष्कळ उथळ आहेत. देशातला बहुतांश कोळसा तर आता उघड्या खाणींतूनच येतो.

खोली वाढली की तीन गोष्टी बदलतात. वरच्या खडकाचे ओझे वाढते, त्यामुळे छत धरायला मुद्दाम ठेवलेले कोळशाचे खांब दाबाखाली तडकतात, कधी बाजूच्या भिंतीतून ढलपे उडतात. कोळशात अडकलेला वायू सहसा जास्त असतो. आणि खडकच गरम असतो. पुण्यात एप्रिलमध्ये पारा ४० वर गेला तरी हवा कोरडी असते, घाम वाळतो, माणूस तग धरतो. खाली हवा दमट असते, घाम अंगावरच राहतो. म्हणून खाणीत साधे तापमान बघत नाहीत, ओल्या फडक्याचा तापमापक बघतात. तो ३३.५ अंशांच्या वर जाता कामा नये, आणि ३०.५ च्या वर गेला तर तिथे सेकंदाला किमान एक मीटर वेगाने वारा खेळता हवा, असा नियम आहे.

सगळ्यात जास्त माणसे स्फोटात मरतात ना?

हा समज बातम्यांमुळे झाला आहे. स्फोट झाला की शंभर माणसे एकदम जातात आणि पहिल्या पानावर येतात. छत मात्र एकेक, दोनदोन माणसे नेते आणि आतल्या पानावर चार ओळी येतात. आपल्याकडच्या भूमिगत खाणींत वर्षानुवर्षे सगळ्यात जास्त जीव छत आणि बाजू कोसळूनच गेले आहेत.

कोळसा काढला की वरच्या खडकाचा आधार जातो. हा खडक थरांचा असतो, एकावर एक ठेवलेल्या वह्यांसारखा. खालचा थर वाकतो, वरच्यापासून सुटतो आणि पडतो. तो सुटला आहे का हे बघायची सगळ्यात जुनी पद्धत म्हणजे काठीने ठोकणे. कुंभाराकडे माठ घेताना आपण टिचकी मारतो ना, तसेच. पक्के छत खणखणीत वाजते, सुटलेले भद्द वाजते. नवीन पोराला मी आधी कान शिकवायचो, पुस्तक नंतर.

सुटू पाहणाऱ्या थरांना शिवून टाकायचे काम रूफ बोल्ट करतो. छतात भोक पाडायचे, त्यात सिमेंटची किंवा रेझिनची कॅप्सूल सरकवायची आणि लोखंडी सळई घुसवायची. थर एकमेकांना धरून राहतात, पाने शिवलेल्या वहीसारखे. त्याआधीच्या काळात सगळा भरवसा साल लाकडाच्या ठेक्यांवर, म्हणजे छताला दिलेल्या टेकूंवर. जुनी माणसे अजून लाकडाचे गुण गातात, आणि त्यात तथ्य आहे: भार आला की लाकूड करकरते. माणसाला पळायला दोन क्षण मिळतात. लोखंड शेवटपर्यंत गप्प राहते. आता छतातली हालचाल दाखवणारी उपकरणे बसवतात, रंगीत पट्टी किती सरकली ते लांबूनच दिसते. हिरव्यातून पिवळ्यात आली तर काय करायचे आणि लाल दिसल्यावर कुणी कुणाला बाहेर काढायचे, हे आधीच लिहून भिंतीवर लावलेले असते.

सगळ्यात नाजूक काम म्हणजे डिपिलरिंग. आधी कोळशाचे खांब ठेवून गॅलऱ्या, म्हणजे बोगदे, काढायच्या आणि मग मागे सरकत सरकत तेच खांब काढून घ्यायचे. मागे राहिलेल्या पोकळीला आम्ही गोफ म्हणतो. गोफातले छत पडायलाच हवे. बाहेरच्या माणसाला हे उलटे वाटते. पण गोफात धडाधड आवाज आला की आम्ही सुटकेचा श्वास सोडायचो, कारण भार उतरला. छत पडत नाही, नुसते लटकत राहते, मोठे मोठे होत जाते, तेव्हा झोप उडते. ते एकदम आले तर हवेचा असा तडाखा बसतो की गॅलरीतली माणसे फेकली जातात. म्हणून लटकलेले छत सुरुंग लावून मुद्दाम पाडतात.

एक नियम मात्र कोणत्याही यंत्राने बदललेला नाही. आधार न दिलेल्या छताखाली पाऊल टाकायचे नाही. एवढासा राहिलेला कोळसा ओढायला, पडलेली टोपी उचलायला, एका मिनिटासाठीसुद्धा नाही. मी पाहिलेले बहुतेक मृत्यू त्या एका मिनिटातलेच.

तुम्ही स्वतः कधी काम थांबवले का? मग काय झाले?

हा प्रश्न विचारणाऱ्याला एक थरारक गोष्ट हवी असते, आम्ही बाहेर आलो आणि मागे छत कोसळले, अशी. तसे झाले नाही. एका खदानीत रात्रपाळीला एका खांबाजवळ छतातून पाणी ठिबकायला लागले. आदल्या दिवशी ते नव्हते. ठोकून पाहिले तर आवाज पक्का. पण नवीन पाणी म्हणजे नवीन भेग, हे डोक्यात बसलेले. अकरा माणसे बाहेर काढली, कुंपण घातले, रिपोर्ट लिहिला. तीन पाळ्या ती जागा बंद राहिली. उत्पादन बुडाले म्हणून वरिष्ठांनी चारचौघांत माझी चांगलीच हजेरी घेतली. जादा बोल्ट मारून काम पुन्हा सुरू झाले आणि ते छत शेवटपर्यंत पडले नाही.

आजही माझे म्हणणे तेच आहे की मी थांबवले ते बरोबर होते. खाण सहसा न सांगता मारत नाही. पाणी ठिबकते, ठेका करकरतो, वास बदलतो, ज्योत निळी पडते. प्रश्न असतो तो हे बघणाऱ्या माणसाला 'थांबा' म्हणायचा अधिकार आहे का, आणि त्या 'थांबा'ची किंमत त्याच्या खिशातून वसूल होते का. मला बोलणी बसली त्या आठवड्यात आमच्या खदानीत दुसऱ्या कुणी काम थांबवले नाही. ती शांतता मला छतापेक्षा जास्त घाबरवून गेली.

मिथेन म्हणजे नक्की काय? तो कुठून येतो?

तुमच्या घरी पाइपने गॅस येत असेल तर तो मिथेनच आहे, मुख्यतः. तोच वायू कोळशाच्या बारीक छिद्रांत कोट्यवधी वर्षे दाबून बसलेला असतो आणि कोळसा फुटला की बाहेर पडतो. मूळचा त्याला वास नसतो. तुमच्या गॅसला वास येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला. खाली अशी सोय नाही.

हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असला की ठिणगीने स्फोट होतो. साडेनऊ-दहा टक्क्यांच्या आसपास तो सगळ्यात जोरात होतो. पंधराच्या वर गेला तर फुटत नाही, पण त्यात दिलासा मानू नका: कुठेतरी ताजी हवा मिसळून तो पुन्हा पंधराच्या खाली येणारच असतो. म्हणून कायदा पाचाची वाट बघत नाही. खाणीत कुठेही १.२५ टक्के ही मर्यादा आहे, आणि एखाद्या विभागातून परतणाऱ्या हवेत ०.७५ टक्के. मर्यादा ओलांडली की वीज बंद आणि माणसे बाहेर.

मिथेन हवेपेक्षा हलका असल्यामुळे छताला चिकटून थर करतो. मापन छताजवळ करायचे असते. कमरेच्या उंचीवर यंत्र धरून 'निल' लिहिणारे महाभाग मी पाहिले आहेत. आता स्वयंपाकघरात वर बघा. पाइपच्या गॅससाठी वरच्या अंगाला झरोका का लागतो ते कळेल. सिलिंडरचा एलपीजी मात्र हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत पसरतो, त्याला खालच्या अंगाला वाट हवी. फर्निचरवाले दोन्ही झरोके बुजवून टाकतात, ते वेगळेच.

१८१५ मध्ये हम्फ्री डेव्हीने तयार केलेला सुरक्षा दिवा आम्ही पुष्कळ वर्षे वापरला. ज्योतीभोवती बारीक जाळी असते, ती उष्णता शोषते आणि आग बाहेर जाऊ देत नाही. वात बारीक केली की ज्योतीवर फिकट निळी टोपी दिसते, तिच्या उंचीवरून मिथेनचा अंदाज येतो. आता हातात डिजिटल यंत्रे आहेत आणि ठिकठिकाणी बसवलेले सेन्सर वरच्या नियंत्रण कक्षाला आकडे पाठवतात.

खाणींचे वायूनुसार तीन वर्ग असतात. पहिल्या वर्गात टनामागे एक घनमीटरपेक्षा कमी मिथेन, तिसऱ्यात दहापेक्षा जास्त. गंमत म्हणजे, गंमत कसली, पहिल्या वर्गातल्या खाणीत माणसे निष्काळजी होतात. 'आपल्याकडे गॅस नाही' हे वाक्य मी ज्या ज्या तोंडून ऐकले, त्या त्या माणसाचा डिटेक्टर नंतर तपासून घेतला.

कोळशाची धूळसुद्धा फुटते म्हणे?

फुटते, आणि मिथेनपेक्षा जास्त माणसे मारते. मिथेनचा स्फोट एका जागी होतो. पण त्याचा धक्का गॅलऱ्यांतली बारीक धूळ उडवतो, ती पेटते, ती पुढची धूळ उडवते. आग माणसापेक्षा कितीतरी पटींनी वेगाने खाणभर पळते. फ्रान्समधल्या कूरियेर इथे १९०६ मध्ये १,०९९ माणसे अशीच गेली. आपल्याकडे १९५८ च्या फेब्रुवारीत चिनाकुरीत स्फोटाने पावणेदोनशेच्या आसपास बळी घेतले आणि २८ मे १९६५ ला धोरी खाणीत २६८.

उपाय ऐकून लोक हसतात: चुनखडीची पांढरी पूड फवारायची. ती धुळीत मिसळली की आगीची उष्णता पिते आणि साखळी तुटते. धुळीत न जळणारा भाग किमान ७५ टक्के हवा, आणि तापल्यावर जास्त वायू सोडणाऱ्या कोळशासाठी ८५ टक्के. शिवाय वाटेत छताशी पाण्याची किंवा पुडीची भांडी टांगतात, धक्क्याने ती उलटतात आणि मागून येणाऱ्या ज्वाळेवर पडतात. पांढरी दिसणारी गॅलरी बघून मला बरे वाटायचे. काळी दिसली की समजायचे, इथे कुणीतरी नुसती वही भरली आहे.

खाणीत पिंजऱ्यात पक्षी नेतात ते खरे का?

नेत असत. ब्रिटनमध्ये १९८६ पर्यंत कॅनरी होते. त्या चिमुकल्या पक्ष्याचा श्वास फार वेगाने चालतो, म्हणून कार्बन मोनॉक्साइड त्याला माणसाच्या आधी चढतो. या वायूला ना रंग, ना वास. रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी त्याला घट्ट धरते. माणूस झोपाळल्यासारखा होतो, पाय लटपटतात, आणि आपण मरतो आहोत हे त्याला कळतच नाही.

पुण्यात हा वायू दर हिवाळ्यात बातमीत असतो. बंद न्हाणीघरातला गॅस गिझर. तिथे आणि खाणीत मारणारा एकच. खाणीतल्या स्फोटानंतर आगीने जितके जातात, त्यापेक्षा जास्त या मागून येणाऱ्या हवेने जातात. २०१४ मध्ये तुर्कस्तानात सोमा इथे ३०१ माणसे गेली, बहुतेक याच वायूने.

म्हणून प्रत्येकाच्या पट्ट्याला सेल्फ रेस्क्युअर असतो. जुना प्रकार गाळणीचा: त्यातले रसायन कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइड करते. तसे करताना हवा तापते, तोंड पोळते. न शिकलेला माणूस 'हे बिघडले' म्हणून काढून फेकतो आणि दोन श्वासांत कोसळतो. खरे तर पोळते आहे म्हणजे ते काम करते आहे. नवीन प्रकार स्वतःच रसायनातून ऑक्सिजन तयार करतो, तो जिथे ऑक्सिजनच उरलेला नाही तिथेही चालतो. पण कोणताही असो, अंधारात, एका हाताने, घाबरलेल्या मनाने लावता आला पाहिजे. तो सराव वर उजेडात खुर्चीवर बसून होत नाही.

विहिरीत उतरलेली माणसे गुदमरतात, तसेच खाणीत होते का?

अगदी तसेच. जुन्या विहिरीत, ड्रेनेजच्या चेंबरमध्ये ऑक्सिजन संपलेला असतो आणि कार्बन डायऑक्साइड तळाशी साठलेला. एक पडला की दुसरा वाचवायला उतरतो, मग तिसरा. बंद पडलेल्या गॅलरीत आम्ही हेच टाळायचो. खाणीच्या हवेत ऑक्सिजन किमान १९ टक्के आणि कार्बन डायऑक्साइड जास्तीत जास्त अर्धा टक्का, हा कायदा आहे. हवा तपासल्याशिवाय आत जायचे नाही, आत कुणी पडलेला दिसत असला तरी नाही. ऐकायला निर्दय वाटते. पुण्याच्या आसपास एका टाकीत तीन तीन माणसे गेल्याच्या बातम्या वाचल्या की हे वाक्य शाळेत शिकवावे असे वाटते.

इतक्या खाली हवा कशी पोचते?

जमिनीवर मोठा पंखा असतो. तो बहुधा आतली हवा ओढून बाहेर टाकतो, मग दुसऱ्या वाटेने ताजी हवा आपोआप आत शिरते. म्हणून खाणीला किमान दोन वाटा लागतातच, आणि त्याच दोन वाटा पळून जायलाही उपयोगी पडतात. आत भिंती, दारे आणि पडदे लावून हवेला ठरलेल्या रस्त्याने फिरवतात. माणशी मिनिटाला ६ घनमीटर किंवा रोजच्या टनामागे २.५ घनमीटर, यातले जे जास्त असेल तेवढी हवा हवी. पंखा बंद पडला तर माणसे बाहेर. कुणीतरी सोयीसाठी दार उघडे ठेवले तर पुढच्या विभागाची हवा तुटते. एका उघड्या दारावरून मी जितका ओरडलो असेन तितका पोरांवरही ओरडलो नाही.

कोळसा आपोआप पेटतो?

पेटतो. हवेतला ऑक्सिजन घेऊन तो हळूहळू तापतो, आणि उष्णतेला बाहेर जायला वाट नसली की भडकतो. झरियातली आग १९१६ पासून जळते आहे. भूमिगत खाणीत धोका गोफातल्या उरलेल्या चुऱ्यात असतो. किती महिन्यांत तो तापतो हे कोळशागणिक ठरलेले असते. म्हणून विभागाचा आकारच असा ठेवायचा की त्या मुदतीच्या आत काम संपवून तो पक्क्या भिंतींनी बंद करता येईल. पहिली खूण नाकाला कळते: भिंतीला घाम, मग पेट्रोलसारखा, डांबरासारखा वास. त्याच्या आधी हवेच्या नमुन्यात कळते. किती ऑक्सिजन कमी झाला त्या मानाने किती कार्बन मोनॉक्साइड वाढला, हे गुणोत्तर चढू लागले की वेळ थोडा उरला आहे. आग लागल्यावर घाईघाईत भिंत उघडून बघणे हा सगळ्यात महागडा मूर्खपणा, कारण तिला हवी ती हवा आपणच नेऊन देतो.

आणि पाणी?

पाण्याबद्दल बोलताना माझा आवाज बदलतो असे बायको म्हणते. २७ डिसेंबर १९७५, चासनाला, धनबादजवळ. जुन्या कामांत, म्हणजे पूर्वी खणून सोडलेल्या पोकळ्यांत, साठलेले पाणी फुटून आत आले आणि पावणेचारशेच्या आसपास माणसे गेली. १९९५ च्या सप्टेंबरात गॅसलीटांडला पुराचे पाणी खाणीत घुसले, ६४ गेले. २००१ च्या फेब्रुवारीत बागडिगीला शेजारच्या जुन्या खाणीचे पाणी, २९. आपल्या शेजारी, छिंदवाड्याच्या बाजूला न्यूटन चिखलीत १९५४ मध्ये ६३. या नावांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते: शेजारची जुनी, बंद, पाण्याने भरलेली कामे आणि त्यांचा भरवसा नसलेला नकाशा.

नियम सांगतो की पाणी साठलेल्या किंवा साठले असण्याची शक्यता असलेल्या कामाच्या ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय जायचे नाही, आणि गेलात तर पुढे भोके पाडून चाचपत जायचे. पण ६० मीटर मोजायचे कुठून? नकाशावरून. नकाशा जर खाण बंद करण्याच्या शेवटच्या महिन्यात, घाईत, मालकाला चोरून काढलेला कोळसा लपवण्यासाठी काढलेला असेल तर? राष्ट्रीयीकरणाआधीच्या खाणींचे असे नकाशे मी हाताळले आहेत. सर्व्हेयर हा खाणीतला सगळ्यात कमी कौतुक मिळणारा आणि सगळ्यात जास्त जीव वाचवणारा माणूस आहे, असे माझे पक्के मत.

जुनी पोकळी वरच्या माणसालाही सोडत नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक घर जमिनीत गेले. पोकळी वाळूने भरून काढायची पद्धत आहे, पण वाळू आणि पाणी दोन्ही लागते आणि दोन्ही महाग झाले आहे.

अडकलेल्या माणसांना कसे काढतात?

सगळ्यात चांगले उदाहरण राणीगंजच्या महाबीर खाणीचे. १३ नोव्हेंबर १९८९ ला पाणी फुटले, ७१ जण आत अडकले. सहा जण बुडाले. उरलेले ६५ उंचावरच्या भागात होते. जसवंतसिंग गिल या अभियंत्याने वरून भोक पाडून, माणूस जेमतेम मावेल अशी पोलादी कॅप्सूल बनवून घेतली आणि ती घेऊन स्वतः खाली उतरले. एकेक करून ६५ वर आले. लोक कॅप्सूलची गोष्ट सांगतात. मला त्यातले दुसरेच आठवते: माणसे कुठे आहेत हे वरच्यांना कळले होते.

खाणींची बचाव पथके वेगळी असतात. नागपूरलाही बचाव केंद्र आहे. ही मंडळी पाठीवर ऑक्सिजनचे यंत्र घेऊन विषारी हवेत काम करतात आणि त्यासाठी वर्षभर गरम, धुराच्या खोल्यांत सराव करतात. तळेगावजवळ सुदुंबरेला एनडीआरएफची पाचवी बटालियन आहे, माळीणला २०१४ मध्ये जवान गेले होते. त्यांचे काम मोठेच आहे, पण जळत्या खाणीत उतरणे हे त्या खाणीच्या वाटा पाठ असलेल्यांचे काम.

उत्तराखंडच्या सिल्क्यारा बोगद्यात 'रॅट होल' वाल्यांनीच, म्हणजे उंदरासारखे अरुंद बीळ हातांनी खणणाऱ्यांनीच, वाचवले की! मग ती पद्धत वाईट कशी?

२०२३ च्या नोव्हेंबरात सतराव्या दिवशी ४१ कामगार बाहेर आले, आणि यंत्र अडकल्यावर शेवटचे काही मीटर हातांनी खणणाऱ्यांचे ते श्रेय आहेच. पण त्यांनी ते पोलादी पाइपच्या आत बसून केले. मेघालयात त्याच पद्धतीने माणसे आधार नसलेल्या, हवा नसलेल्या, नकाशा नसलेल्या बिळात कोळसा काढतात. हरित लवादाने २०१४ मध्ये बंदी घातली, तरी २०१८ च्या डिसेंबरात कसान इथे १५ जण बुडाले. कौशल्य माणसांचे, गुन्हा बिळाचा.

मेट्रोचे भुयार आणि खाण यात फरक काय?

सिव्हिल कोर्टाचे स्थानक तीसएक मीटर खोल आहे, मुठेच्या खालून बोगदा गेला आहे, ते काम सोपे नव्हते. पण बोगदा कायम राहण्यासाठी बांधतात, काँक्रीटचे अस्तर देतात. खाणीत आपणच घातलेला आधार आपणच काढत मागे यायचे असते, शिवाय भिंत जळणारी आणि वायू सोडणारी.

नियम कोण करते आणि तपासते कोण?

खाण कायदा १९५२ चा होता, कोळसा खाण विनियम २०१७ चे. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत तो कायदाही सामावून घेतला, आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तपासणी डीजीएमएस, म्हणजे खाण सुरक्षा महासंचालनालय, करते, मुख्यालय धनबादला. ही यंत्रणा १९०२ पासूनची, आणि ती कोळसा मंत्रालयाखाली नाही, श्रम मंत्रालयाखाली आहे. कोळसा काढणारा आणि शिटी वाजवणारा एकाच घरातला नसावा म्हणून.

२०१७ च्या विनियमांत प्रत्येक खाणीने सुरक्षा व्यवस्थापन आराखडा करायचा आहे: आपल्या खाणीत काय काय मारू शकते, किती शक्यता, कोण काय करणार. कल्पना उत्तम. पण शेजारच्या खाणीचा आराखडा नाव बदलून दिलेला मी वाचला आहे, त्यात नसलेल्या नदीचा उल्लेख तसाच राहिला होता. सुरक्षा सप्ताहाचे फलक, शपथ, रांगोळी यांना माझा विरोध नाही. पण पाळी सुरू होण्याआधी सरदार सगळीकडे फिरून आला की हजेरी घरात बसून त्याने वही भरली, हे मला आधी सांगा.

आता यंत्रे आली, माणसांची गरज कशाला?

कोळसा कापणारे कंटिन्युअस मायनर यंत्र लांबून रिमोटने चालवतात, लाँगवॉलमध्ये (कोळशाची लांब भिंत सलग कापायच्या पद्धतीत) माणूस हायड्रॉलिक आधारांच्या खाली उभा असतो. छताखालची माणसे यामुळे कमी झाली, हे निर्विवाद चांगले. त्याच वेळी धूळ वाढली, वीज आत खोलवर गेली, आणि आवाज इतका की ठेका करकरला तरी ऐकू येत नाही.

फुफ्फुसांचे काय?

वर्षानुवर्षे धूळ श्वासात गेली की फुफ्फुसे कडक होतात आणि ते परत फिरत नाही. पाण्याचे फवारे, ओली ड्रिलिंग, ठरावीक मुदतीने एक्स-रे. टेकडीच्या चढावर मी मध्ये थांबतो, ते फक्त वयामुळे नाही.

मुलीला खाण अभियांत्रिकीला पाठवू का?

पाठवा. २०१९ पर्यंत बायकांना जमिनीखाली कामाची परवानगीच नव्हती. २०१९ मध्ये ती सकाळी ६ ते संध्याकाळी ७ दरम्यान तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांसाठी मिळाली, आणि मुली उतरत आहेत. तिला एवढेच सांगा: पहिल्या वर्षी व्यवस्थापकापेक्षा जुन्या सरदाराच्या मागे फिर. आणि नोकरीच्या मुलाखतीत तिनेच विचारावे की गेल्या वर्षभरात इथे कुणी काम थांबवले का, आणि त्याचे पुढे काय झाले.

आम्हाला खाण आतून बघता येईल का?

सावनेरच्या बाजूला वेकोलिने (वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कंपनीने) खाण पर्यटन सुरू केले आहे, नागपूरला गेलात तर चौकशी करा. जाताना माचिस, बिडी, मोबाइल, सेलवर चालणारे घड्याळ वर ठेवा, झडती होईल, रागावू नका. टोपी आणि बूट मिळतील. दिवा घेताना तुमच्या नावाने एक बिल्ला टांगला जाईल. बाहेर आल्यावर चहाच्या घाईत तो काढायला विसरू नका. पाळीच्या शेवटी एक बिल्ला जास्त दिसला तर तुम्हाला शोधायला माणसे खाली उतरतील.